अडलेली कालवड, गेलेली गाय आणि दावणीला उरलेली दोन गाभण जनावरे

सीनाकाठ (मूळ लेखन)

आमचा गोठा मोहोळ तालुक्यात, सीना नदीपासून दीडेक किलोमीटरवर आहे. सहा संकरित होल्स्टीन गाई, दोन पंढरपुरी म्हशी आणि तीन कालवडी एवढीच आमची दावण. पण घरखर्च, मुलीचे सोलापुरातले शिक्षण आणि सोसायटीचा हप्ता हे सारे तिच्यावरच चालते. गेल्या अडीच महिन्यांत या दावणीतून एक वासरू आणि एक गाय गेली. जे घडले ते जसेच्या तसे लिहितो. कुठे चुकले हे जाणत्यांनी स्पष्ट सांगावे. मनाला लागेल म्हणून कोणी हात राखू नये.

पहिली घटना कालवडीची. ती अंगाने मोठी दिसते म्हणून चौदाव्या महिन्यातच भरवून घेतली. रेतनाची कांडी (वळूच्या वीर्याची नळी) कोणत्या वळूची, हे मी विचारले नाही आणि भरवणाऱ्यानेही सांगितले नाही. "दुधाची लाइन चांगली आहे" एवढेच तो म्हणाला. माघात एका रात्री साडेदहाच्या सुमारास तिची पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) फुटली. वडील म्हणाले, "पहिलारू आहे, वेळ लागणारच, वेळ आली की विईल." मी बारा वाजता पाहिले, तेव्हा एकच खूर दिसत होता. दोन वाजताही तो एकच होता. पहाटे पाच वाजता धारा काढायला उठलो, तरी एकच. मग शेजारचे तिघे आले, त्या एका पायाला कासरा बांधला आणि चौघांनी मिळून ओढले. वासरू निघाले, पण त्याची जीभ निळी पडून बाहेर लोंबत होती. ती पाडी होती. कालवड उठेना, मागचे दोन्ही पाय दोन दिशांना घसरत होते. चौथ्या दिवशी ती आधाराने उभी राहिली आणि आज चालते, मात्र डावा पाय अजून ओढते.

दुसरी घटना चौथ्या वेताच्या गाईची. ती फाल्गुनात सुखरूप व्याली, जारही (वार) पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कास मोकळी होईपर्यंत धार काढली. त्या रात्री ती बसली ती उठलीच नाही. मान वळवून पोटाशी टेकवली होती, कान गार पडले होते. एका जाणत्या माणसाने पोट धरले आहे असे सांगितले, म्हणून आम्ही तेल आणि ओव्याचा काढा बाटलीने पाजला. पाजताना तिला ठसका लागला होता, हे आज आठवते. सकाळी नऊला डॉक्टर आले तेव्हा श्वास घरघरत होता, आणि सलाईन लावता लावताच ती गेली. पंचनाम्याला विम्याचा बिल्ला शोधू लागलो, तर तो कानातून केव्हा गळून पडला हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

आता एक गाय तीन आठवड्यांत विणार आहे आणि एक म्हैस त्यानंतर महिनाभराने. वडील रात्री गोठ्याकडे फिरकत नाहीत. मी कंदील लावल्यासारखा जागा असतो, पण नेमके काय पाहायचे हे कळत नाही.

गोठ्यातला डॉक्टर

मी जिल्ह्यात गेली अठरा वर्षे जनावरांची वैद्यकी करतो. आपण वेळा लिहून ठेवल्या हे फार चांगले केले, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वेळांतच आहे.

विण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात गर्भाशयाचे तोंड उघडते; जनावर अस्वस्थ होते, ऊठबस करते, शेपटी उचलते. याला साधारण दोन ते सहा तास लागतात आणि पहिलारूला याहून जास्तही लागतात. वडिलांचे वाक्य या टप्प्यापुरते खरे आहे. पण पाणमोट फुटली की दुसरा टप्पा सुरू होतो आणि तेथून घड्याळ पाहायचे असते. आधी व्यालेल्या गाईत तासाभरात आणि पहिलारूत फार तर दोन तासांत काहीच पुढे सरकले नाही, किंवा पाय दिसल्यावर अर्ध्या तासात प्रगती नाही, तर डॉक्टरांना बोलवायचे. एकच खूर दिसतो, नुसती शेपटी दिसते, किंवा तोंड येते आणि पाय येत नाहीत, यांपैकी काही असेल तर तेवढेही थांबायचे नाही. आपल्या कालवडीने बारा वाजता एकच खूर दाखवून सांगितले होते की दुसरा पाय आत दुमडलेला आहे. पाच तासांनी तो एक पाय ओढल्यामुळे दुमडलेला गुडघा कटीच्या हाडात पाचरीसारखा बसला आणि तिथले मज्जातंतू दबले. मागचे पाय फाकले ते त्यामुळे.

बरोबर येणारे वासरू ओळखण्याची खूण सोपी आहे. पुढचे दोन्ही खूर येतात, त्यांचे तळवे जमिनीकडे असतात आणि गुडघ्यांवर नाक टेकलेले असते. तळवे आकाशाकडे असतील तर बहुधा मागचे पाय आहेत. तसे वासरूही निघते, पण त्याची नाळ आतच दाबली जात असल्याने उशीर परवडत नाही. अडलेल्या पायासाठी वासराला आधी कळांच्या मधल्या वेळेत आत ढकलून जागा करावी लागते आणि मग खूर तळहाताच्या वाटीत धरून, गर्भाशय फाटणार नाही अशा बेताने, पाय बाहेर काढावा लागतो. हे काम ज्याने हाताने केले आहे त्यानेच करावे. ओढायचे झाले तरी दोन माणसे पुरेत. दोर खुराच्या वरच्या सांध्याच्याही वर बांधावा, गाय कळ देते तेव्हाच ओढावे, ती थांबली की थांबावे, आणि दिशा सरळ मागे न ठेवता खाली, तिच्या टाचांकडे ठेवावी. ट्रॅक्टरला दोर बांधलेला मी तीन वेळा पाहिला आहे. तिन्ही गाई गेल्या.

कालवड भरवताना वय पाहू नये, वजन पाहावे. संकरित कालवड अडीचशे ते पावणेतीनशे किलोंची झाल्याशिवाय भरवू नये, आणि पहिल्या वेताला लहान वासरे देणाऱ्या वळूची कांडी मागून घ्यावी. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो लिहून घेणे हा आपला हक्क आहे. जो सांगत नाही त्याच्याकडून भरवून घेऊ नये.

गाईचे सांगतो. मान पोटाशी, कान गार, उठता न येणे, आणि तेही विल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत, हा दुग्धज्वर आहे. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो, उलट अंग गार पडते. चिकाबरोबर रक्तातले कॅल्शियम एकदम कासेकडे जाते आणि स्नायू काम करेनासे होतात. गिळण्याचे स्नायूही त्यातच आले. म्हणून बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजू नये. ते फुप्फुसात जाते. कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत द्यावी लागते, आणि वेळेवर दिली तर गाय अनेकदा तासाभरात उठून चालू लागते. आपली गाय आजाराने किती आणि काढ्याने किती गेली, हे मी सांगू शकत नाही. पण घरघर काढ्याची होती. आपण स्पष्ट विचारलेत म्हणून लिहिले.

जुना पर्यवेक्षक

डॉक्टरसाहेबांच्या लिहिण्यात खोट नाही, पण गोष्ट रात्री साडेदहाला सुरू झाली असे मी मानत नाही. ती कारखान्याची धुराडी पेटली तेव्हा सुरू झाली. मोहोळ, माढा, पंढरपूर, माळशिरस या पट्ट्यात गळीत हंगामात दावणीला काय असते? उसाचे वाढे, म्हणजे तोडणीत निघालेले उसाचे हिरवे शेंडे. फुकटात किंवा स्वस्तात मिळतात, हिरवे दिसतात आणि जनावर आवडीने खाते. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते आतड्यात कॅल्शियमला धरून बसते आणि शेणावाटे बाहेर नेते. चार महिने वाढ्यांवर काढलेली गाय विते तेव्हा तिची तिजोरी आधीच रिकामी असते. मग कळा मंद पडतात, जार अडकते, अंग (गर्भाशय) बाहेर येते, गाय बसते. नोकरीच्या ३१ वर्षांत अशा तक्रारींचे रात्रीचे बोलावणे हंगाम संपता संपता वाढते, हे मी स्वतःच्या दैनंदिनीतून सांगतो.

वाढे सोडा असे मी म्हणणार नाही. पाऊण जिल्ह्याला तो सल्ला पाळता येणार नाही. पण निम्म्याहून अधिक चारा वाढ्यांचा असू नये. ज्वारीचा कडबा मिसळावा, वाढ्यांची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, काही तास तशीच ठेवून मग गव्हाणीत टाकावी आणि खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम द्यावे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला मालदांडीचा कडबा आज महाग आहे खरा, पण गेलेल्या गाईच्या किमतीत किती पेंढ्या आल्या असत्या, हे सीनाकाठ यांनी स्वतःच मांडून पाहावे.

गोठ्यातला डॉक्टर

पर्यवेक्षककाकांशी सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडतो, कारण यात नेहमी घोटाळा होतो. शेवटच्या तीन आठवड्यांत पुष्कळ जण भीतीपोटी गाईला कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात आणि लसूणघास वाढवतात. त्याने उलटे होते. बाहेरून भरपूर मिळू लागले की हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची सवय मोडते आणि विल्यावर अचानक गरज पडली की ती यंत्रणा जागी व्हायला दोन-तीन दिवस घेते. म्हणून वर्षभर खनिज मिश्रण, शेवटचे तीन आठवडे कॅल्शियमला आवर आणि गाभण जनावरांसाठी मिळणारे वेगळे मिश्रण, आणि विताक्षणी पुन्हा कॅल्शियम, असा क्रम ठेवावा. पूर्वी जी गाय बसली होती तिची कास पहिले दोन-तीन दिवस पूर्ण रिकामी करू नये. वासरापुरता चीक काढावा आणि थोडा कासेत राहू द्यावा.

कडबाकुट्टी

सल्ले सगळे योग्य आहेत. पण रात्री बारा वाजता एक खूर दिसला, तर करमाळ्याच्या आमच्या वस्तीवर डॉक्टर कोठून आणायचा, हे कोणी लिहिलेले नाही. सरकारी दवाखाना संध्याकाळी बंद होतो. खासगी डॉक्टरांचा फोन लागला तर ते चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या गाईपाशी असतात. आमच्याकडची दोन वासरे वाट पाहण्यात गेली आहेत, अज्ञानामुळे नव्हे.

जुना पर्यवेक्षक

तक्रार रास्त आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे आणि तो लावावा. मात्र आपल्या तालुक्यातले वाहन कोणत्या वेळेत येते हे आधी, दिवसा, विचारून ठेवावे. मी लोकांना एक गोष्ट करायला लावत असे. गाय सव्वाआठ महिन्यांची गाभण झाली की तारखेसह दोन डॉक्टरांना कळवून ठेवायचे, की अमुक आठवड्यात फोन येईल. गाईचे दिवस २८०च्या आसपास आणि म्हशीचे ३१०च्या आसपास भरतात, म्हणजे भरवल्याची तारीख लिहिलेली असेल तर आठवडा सांगता येतो. सांगून ठेवलेल्या गोठ्याचा फोन रात्री दोनलाही उचलला जातो, असा माझा अनुभव आहे. तारीखच लिहिलेली नसेल तर मात्र कोणीच काही करू शकत नाही.

माणदेशी ताई

मी सांगोल्याकडची. वरचे वाचून सीनाकाठदादांना थोडे वेगळे सांगावेसे वाटले.

२०१९ साली आमची जनावरे चारा छावणीत होती. हिरव्या जाळीच्या सावलीत आमची थोरली गाय व्याली आणि वासरू तासाभरात गेले. छावणीत माणसांची कमी नव्हती. सगळे आले, हळहळले आणि आपापल्या दावणीकडे गेले. त्यानंतर तीन दिवस ती गाय प्रत्येक जाणाऱ्या-येणाऱ्या वासराकडे पाहून हंबरत होती आणि मी तिच्याजवळ बसून नुसती तिच्या गळ्याची पोळी खाजवत होते. घरच्यांनी वासराचे दावे खुंटीवरून काढून गुंडाळून ठेवले, ते मला अधिक लागले. मी ते पुन्हा खुंटीला अडकवले. दिवाळीत वसुबारसेला शेजारणी गाय-वासराची पूजा करायला आमच्याकडे येत असत, त्या वर्षी मी त्यांना येऊ नका म्हणून सांगितले आणि एकट्या गाईला ओवाळले. यात शहाणपण काही नव्हते. पण "जनावरच होते, दुसरे घेऊ" असे जे म्हणतात, त्यांच्याशी त्या विषयावर बोलायचे मी सोडले, तेव्हा मला थोडे हलके वाटले.

तुमच्या वडिलांविषयी सांगते. ते रात्री गोठ्यात येत नाहीत, कारण "वेळ आली की विईल" हे वाक्य त्यांचे होते. माझे सासरे असेच वागत होते. त्यांना मी विण्याचे नाही, दुसरे काम दिले. वह्या त्यांच्याकडे दिल्या. भरवल्याची तारीख, दूध आटवल्याची तारीख, बिल्ल्याचा क्रमांक हे सारे ते आजही लिहितात आणि कोणी चुकले तर रागावतात.

एक विचारायचे होते. वासरू गेल्यावर गाय पान्हा चोरते. आमच्या आजेसासूबाई वासराच्या कातड्यात पेंढा भरून भोत करत आणि गाईपुढे ठेवत. मला ते पाहवत नसे. आता लोक इंजेक्शन देतात. योग्य काय?

गोठ्यातला डॉक्टर

ताई, पान्ह्याचे इंजेक्शन रोज देऊ नये. गाईला त्याचीच सवय लागते, आणि दुधासाठी अशी अपायकारक इंजेक्शने टोचणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही मना आहे. वेळ एकच, धार काढणारा माणूस एकच, समोर मूठभर आंबोण (भिजवलेला खुराक) आणि कोमट पाण्याने कास धुऊन दोन मिनिटे हलके मालिश, एवढ्याने बहुतेक संकरित गाई आठवड्याभरात पान्हवतात. देशी गाईला वेळ लागतो. भोताबद्दल माझे मत नाही. ज्यांनी ते केले त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

बिल्ला क्रमांक

विम्याबद्दल थोडक्यात लिहितो, मी हे कागद भरण्याचे काम करतो. बिल्ला नसेल तर दावा जवळपास बुडालाच, म्हणून दर महिन्याला कान पाहावा आणि गळाला तर त्याच दिवशी कळवून नवा लावावा. जनावर गेल्यावर शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नये आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. बिल्ल्याचा क्रमांक वाचता येईल असा डोक्याचा फोटो काढून ठेवावा. २०२२च्या लम्पीत शासनाने दुभत्या जनावराला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये दिले होते. ती साथीची विशेष मदत होती. ती आठवून लोक आजही विण्यात गेलेल्या गाईचा अर्ज घेऊन येतात आणि मला त्यांना परत पाठवावे लागते. अशा मरणाला विम्याशिवाय आधार नाही.

सीनाकाठ

सर्वांचे आभार. ताईंचा प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मोहोळहून एक लांब वही घेऊन आले. काकांचा हिशेबही मांडला: गेलेल्या गाईच्या पैशांत दोन हंगामांचा कडबा आला असता.

डॉक्टरसाहेब, म्हशीविषयी विचारायचे राहिले. तिच्यातही हीच वेळेची मोजणी लागू आहे का?

गोठ्यातला डॉक्टर

मोजणी तीच, पण म्हशीत एक निराळा धोका मोठा आहे. गर्भाशयाला पीळ पडतो. दिवस भरलेले असतात, म्हैस अस्वस्थ होते, पोटावर लाथा मारते, मग शांत होते. पाणमोट दिसतच नाही. लोक समजतात की कळा खोट्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती चारा सोडते तोवर आतले वासरू गेलेले असते. म्हणून दिवस भरलेली म्हैस अस्वस्थ होऊन पुन्हा निवांत झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांचा हात लागला पाहिजे. पीळ असला तर तिला पिळाच्या बाजूवर आडवे पाडून, पोटावर फळी ठेवून, फळीवर एक माणूस उभा करून त्याच दिशेने लोळवतात. पहिल्या दिवसात हे बहुधा साधते. दीड-दोन दिवस गेले की पोट फाडूनच काढावे लागते. कोणत्या बाजूला लोळवायचे हे तपासल्याशिवाय कळत नाही आणि उलट लोळवले तर पीळ घट्ट होतो, तेव्हा हे घरी करू नये. शेवटचे दोन महिने तिला घसरणीच्या जागी नेऊ नये, डुंबायलाही सोडू नये. उन्हात अंगावर पाणी मारले तरी चालते.

जार बारा तासांत पडली नाही तर कळवा. ओढू नका आणि तिला दगड किंवा चप्पल बांधू नका. पडलेली जार, आणि गाभडलेले वासरू तर नक्कीच, उघड्या हाताने उचलू नये. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू माणसाला लागतात. चुना टाकून खोल पुरावे.

सीनाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो. गाय काल रात्री व्याली. वहीत वडिलांच्या अक्षरात असे आहे: "९.४० पाणमोट. ९.५५ दोन खूर, तळवे खाली. १०.१० नाक. १०.३५ पाडा." पाडा निपचित होता. नाकातोंडातला चिकटा पुसला, नाकपुडीत कडब्याची काडी फिरवली, गोणपाटाने बरगड्या चोळल्या, तेव्हा तो शिंकला. नाळेला आयोडीन लावले आणि अकराला चिकाची पहिली बाटली दिली. गाईची कास अर्धीच काढली. कान दर दोन तासांनी हाताने पाहिले, गरम होते.

कालवड दावणीच्या टोकाला बांधलेली होती. तिने उठून पाड्याकडे तोंड केले आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली, डाव्या पायावर भार न देता. तिला पुन्हा भरवायचे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.

वहीतली शेवटची नोंद पहाटे ४.२० ची आहे: "जार पडली, पूर्ण." तिच्याखाली म्हशीची तारीख लिहून ठेवली आहे.